अंड्यातील श्वास

मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर माडांच्या सावलीत वसलेल्या अनेक घरांत कोंबड्या पाळलेल्या असतात. मांगराच्या कोपऱ्यात, गवत पसरलेल्या टोपलीत खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते आणि एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिले बाहेर येतात. हे दृश्य इतके नित्याचे आहे, की त्यातील नवल कोणाच्या ध्यानी येत नाही. अंड्याला ना दार, ना खिडकी! मग आत वाढणारा जीव श्वास कसा घेतो? त्याचे नाक-तोंड तर द्रवात बुडालेले असते.

अंडे चोहोबाजूंनी बंद आहे, हाच मुळी आपल्या डोळ्यांचा भ्रम होय. एक अंडे ऊन पाण्यात सोडून पाहा. (ते खाण्याचे असावे, कोंबडीखालचे उचलू नये.) थोड्याच वेळात त्याच्यावर, विशेषतः बोथट टोकाशी, बारीक बुडबुडे दिसू लागतात. आतली हवा उष्णतेने फुगते आणि कवचातील सूक्ष्म छिद्रांतून वाट काढते. कोंबडीच्या एका अंड्याला अशी सुमारे १०,००० छिद्रे असतात. २१ दिवसांत त्यांतून सुमारे ६ लिटर प्राणवायू आत जातो, साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि ११ लिटर वाफ निघून जाते. ११ लिटर ऐकून दचकू नये. त्या वाफेचे पाणी केले, तर ते दोन चहाच्या चमच्यांत मावेल.

वाफ गेल्याने रिकामी झालेली जागा हवेने भरते. म्हणूनच बोथट टोकाशी असलेली हवेची पोकळी दिवसेंदिवस वाढत जाते. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडे धरले, तर ती स्पष्ट दिसते.

पण या दिवसांत पिल्लाची फुप्फुसे श्वासाचे काम करीत नसतात. त्याच्या शरीरातून निघालेला एक पातळ पापुद्रा कवचाच्या आतल्या बाजूला लागून पसरतो. त्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. माशाचे कल्ले पाण्यात जे काम करतात, तेच काम हा पापुद्रा अंड्यात करतो.

एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी मात्र कठीण प्रसंग येतो. पिल्लू मोठे झालेले असते, छिद्रे मात्र तेवढीच! प्राणवायू अपुरा पडू लागतो. तेव्हा पिल्लू चोचीने हवेच्या पोकळीचा पडदा फोडते आणि पहिला खरा श्वास घेते. कवच शाबूत असतानाच आतून चिवचिव ऐकू येते, ती यामुळे. पुढे चोचीच्या टोकावरील बारीक, कठीण उंचवट्याने ते कवचाला तडा देते आणि मग तासन्‌तास स्वस्थ पडून राहते. ते अडकले असे पाहणाऱ्यास वाटते; कवच सोलून त्याला सोडवण्याचा मोह होतो. परंतु जाळ्यातील रक्त अजून शरीरात परतायचे असते, उरलेला बलकही पोटात ओढला जायचा असतो. घाईने कवच सोलले, तर रक्त वाहून पिल्लू दगावू शकते.

कोंबडी आपली अंडी दिवसातून अनेकदा फिरवते. त्यामुळे वाढता जीव कवचाला चिकटून बसत नाही. याच किनाऱ्यावरील समुद्री कासवांची रीत नेमकी उलट आहे. वेंगुर्ले तालुक्यातील वायंगणी आणि देवगड तालुक्यातील तांबळडेग येथील पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री येते, सुमारे दीड फूट खोल खड्डा करते व त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. वाळूच्या कणांमधील हवा हीच त्यांची हवा. तेथे भरतीचे पाणी साचून राहिले, तर अंडी गुदमरतात.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे कासवांच्या रक्षणाचे काम आरंभिले. पुढे ते सिंधुदुर्गातही पसरले. पाण्याच्या रेषेजवळची अंडी काढून उंचावरच्या कुंपणात पुरतात. परंतु घातल्यानंतर काही तासांतच आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो. अंडे उलटे झाले, तर तो मरण्याचा संभव असतो. म्हणून कासवमित्र प्रत्येक अंडे न फिरवता, वरची बाजू वरच ठेवून अलगद उचलतात आणि तसेच नव्या खड्ड्यात ठेवतात. सुमारे पन्नास दिवस वर काहीच दिसत नाही. मग एके दिवशी तेथील वाळू मध्येच किंचित खचते.