धाडसी खेळांतील कणखरपणा आणि दुखापतीचा धोका

सर्वांत कणखर खेळाडू कोण, हा प्रश्न शिंदखेड्याच्या बाजारात विचारला तर उत्तरे निरनिराळी मिळतील. कोणी मातीतल्या पैलवानाकडे बोट दाखवील, कोणी तापीकाठच्या सारंगखेड्याच्या यात्रेत बेफाम घोडा आवरणाऱ्या स्वाराची आठवण काढील, तर कोणी बारागाड्या ओढणाऱ्या भगताचे नाव घेईल. या तिघांची तुलना करावयाची झाल्यास प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कणखरपणा आणि धोका ही एकच बाब नव्हे, आणि एकावरून दुसऱ्याचे मोजमाप करता येत नाही.

बारागाड्यांचेच पाहावे. खानदेशातील अनेक गावांच्या यात्रांत बैल न जुंपता गाड्या एकामागे एक बांधतात, त्यांत माणसे बसतात आणि भगत त्या ओढतो. दोन्ही बाजूंस त्याला आधार देणारे बगले असतात. एका गाडीत दहा माणसे आणि प्रत्येकाचे वजन सरासरी 50 किलो धरले, तर बारा गाड्यांत केवळ माणसांचेच वजन 6,000 किलो भरते. गाड्यांचे वजन निराळेच. एवढा भार एक मनुष्य हलवितो कसा, याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, कठीण व सपाट जमिनीवर फिरणाऱ्या चाकाला ओढण्यासाठी लागणारे बळ त्यावरील वजनाच्या अल्पशा हिश्शाइतकेच असते. खरा जोर सुरुवातीला लागतो. एकदा गती मिळाली की अडचण ओढण्याची राहत नाही, थांबविण्याची होते, कारण या गाड्यांना आवर घालणारे काहीच नसते. पुढे धावणारा भगत वा बगला अडखळला, किंवा गर्दीतला एखादा चाकांच्या वाटेत आला, तर गाडी आपोआप थांबत नाही. अशा अपघातांत माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. येथे ओढणाऱ्याचा कणखरपणा वादातीत आहे. तथापि चाकाखाली सापडलेल्याला त्याचा काडीमात्र उपयोग नसतो.

कुस्तीत नेमके उलटे घडते. मातीत मृत्यू क्वचित, परंतु गुडघा, खांदा व मान यांना इजा वारंवार. पैलवानाचा चुरगळलेला कान तर अभिमानाचे भूषण समजला जातो. वस्तुतः मार बसल्यावर कानाची कूर्चा आणि तिच्यावरील आवरण यांमध्ये रक्त साचते. ते वेळीच डॉक्टरांकडून काढून घेतले नाही तर कान कायमचा आक्रसतो. कबड्डीत चढाई करणारा खेळाडू धावता धावता एकदम वळतो, त्याच क्षणी पकड बसते आणि गुडघ्याला आतून धरून ठेवणारा अस्थिबंध तुटतो. असा गुडघा चार दिवसांत दुखावयाचा थांबतो, हीच खरी फसवणूक होय. खेळाडू मैदानात परततो आणि उरलेले काम दुसरी चढाई करते.

जगातील अभ्यासक धोका मोजताना दोन प्रश्न विचारतात : दुखापत किती वेळा होते, आणि झाली तर किती गंभीर असते? व्यावसायिक रग्बीच्या सामन्यांत दर हजार खेळाडू-तासांमागे सुमारे 81 दुखापती आढळल्या. सरावात हेच प्रमाण अवघे तीनच्या आसपास होते. याउलट नॉर्वेमधील शेराग या उंच कड्यावरून हवाई छत्री घेऊन मारलेल्या 20,850 उड्यांचा 1995 ते 2005 या काळातील हिशेब पाहिला, तर 82 जण जखमी झाले आणि 9 जण मरण पावले. म्हणजे सुमारे 254 उड्यांमागे एक जखमी, 2,300 उड्यांमागे एक मृत्यू. रग्बीतला खेळाडू वरचेवर जखमी होतो पण घरी परततो. कड्यावरून उडी घेणारा बहुधा खरचटतही नाही, मात्र चुकीला क्षमा नाही.

आपल्याकडील दहीहंडी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसते. 2012 साली ठाणे येथे जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थरांचा 13.34 मीटर उंचीचा मनोरा रचला. अशा उंचीवरून अडथळ्याविना पडणारे शरीर जमिनीवर येईपर्यंत ताशी 57 किलोमीटरच्या आसपास वेग घेते. प्रत्यक्षात वरचा गोविंदा खालच्यांच्या अंगावर पडतो. त्यामुळे तो वाचतो आणि मार खालचे झेलतात. 14 वर्षांखालील मुलांना मनोऱ्यात घेणार नाही, अशी शासनाची भूमिका 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे नोंदली गेली. 2022 मध्ये या खेळाला साहसी खेळाचा दर्जा जाहीर करताना मृत्यू झाल्यास दहा लाख रुपयांच्या साहाय्याचीही घोषणा झाली. ही तरतूद स्वागतार्ह आहे. पण पैशाने मोडलेला कणा सांधत नाही.

आता कणखरपणाविषयी. 1966 मधील रायन व कोवाचिच यांचा प्रयोग या बाबतीत उद्बोधक आहे. अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणारे, इतर खेळाडू आणि खेळ न खेळणारे अशा तिन्ही गटांना वेदना प्रथम जाणवण्याची पातळी जवळपास सारखीच आढळली. फरक होता तो ती सोसण्यात. झटापटीचे खेळ खेळणारे सर्वाधिक सोसू शकले. म्हणजे पैलवानालाही दुखते आपल्याइतकेच, तो केवळ अधिक काळ गप्प राहतो. आणि हे गप्प राहणेच त्याला महागात पडते. वस्ताद व घरच्या माणसांनी म्हणूनच ‘दुखते का?’ असे विचारण्यापेक्षा गुडघा सुजला आहे का, जिना उतरताना तो डगमगतो का, हे स्वतः पाहावे.

यात्रेच्या मैदानावर कोणी डोक्यावर वा मानेवर पडला तर त्याला बखोटीला धरून उभे करण्याची आपल्याकडील सवय अत्यंत घातक आहे. मानेच्या मणक्याला इजा असल्यास त्या एका हिसक्याने हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. त्याला आहे तसाच राहू द्यावे, मान हलू न देता दोन्ही हातांनी डोके धरावे, पाणी पाजू नये. 2014 पासून राज्यात सुरू असलेल्या 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस तत्काळ कळवावे. शिंदखेड्याहून धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचे अंतर लक्षात घेता, यात्रा समितीने कुस्त्यांची पहिली जोड लागण्यापूर्वीच एक कठीण फळी, पट्टे आणि ते वापरता येणारी चार माणसे मैदानाच्या कडेला ठेवावीत.