काळा पडदा आणि लग्नाचे तीन हजार फोटो

प्रश्न : माझा नारायणगावात फोटो स्टुडिओ आहे. मंचर-घोडेगावपर्यंत लग्नाच्या ऑर्डरी घेतो. एका लग्नाला दोन कॅमेरे, म्हणजे अडीच-तीन हजार फोटो. ते कार्डावरून उतरवायचे, नावं बदलायची, हळद-लग्न-वरात अशा फोल्डरांत टाकायचे, वर दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी. सीझनमध्ये रात्रीचा एक वाजतो. विज्ञान दिनाला मुलीला घेऊन खोडदची दुर्बीण पाहायला गेलो, तर तिथली माणसं काळ्या पडद्यावर नुसतं टाइप करत होती. एवढी मोठी संस्था, मग माऊस का नाही? आणि त्यातलं काही माझ्या धंद्यात चालेल का?
– एक वाचक, नारायणगाव (ता. जुन्नर)

उत्तर : चालेल, आणि तुमच्या धंद्यात तर फारच चांगलं चालेल. माऊस त्यांच्याकडेही असतो. पण माऊसने एका वेळी एक काम होतं आणि ते कसं केलं याची नोंद कुठेच राहत नाही. टाइप केलेली आज्ञा फाईलमध्ये जपून ठेवता येते, उद्या तशीच पुन्हा चालवता येते आणि चूक निघाली तर नेमकी कोणत्या ओळीत आहे ते दाखवता येतं. अशा आज्ञा ओळीने लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाईललाच स्क्रिप्ट म्हणतात.

खोडदला याची गरज का पडते ते पाहा. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मधल्या भागात जवळजवळ, बाकीच्या १६ वाय आकाराच्या तीन हातांवर. सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. प्रत्येक अँटेनाचा संकेत इतर प्रत्येक अँटेनाच्या संकेताशी जुळवला जातो. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडीची नोंद कितीतरी फ्रिक्वेन्सींवर, दर काही सेकंदांनी, तासन्‌तास चालू. त्यात मोबाईल टॉवर, विजेच्या तारा आणि उपग्रह आपापला गोंगाट मिसळतात. तो खराब भाग वेगळा काढल्याशिवाय चित्र उमटत नाही. हे माऊसने एकेक क्लिक करत निवडायला बसलं तर निवृत्ती येईल, चित्र येणार नाही.

निरीक्षणाची सुरुवातच तिथे कमांड फाईलने होते. आधी या ओळखीच्या स्रोताकडे वळा, इतकी मिनिटं नोंद घ्या, मग मुख्य स्रोताकडे जा, परत ओळखीच्याकडे या, आणि हे चक्र इतक्या वेळा फिरवा. नोंदी हातात आल्यावरही हाच मार्ग. २०१० ते २०१२ या काळात जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी केली होती. हुइब इंटेमा आणि सहकाऱ्यांनी त्या सगळ्या नोंदी एकामागोमाग चालणाऱ्या स्वयंचलित स्क्रिप्टांच्या साखळीतून काढल्या आणि २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध केला : संपूर्ण आकाशाचा ९० टक्के भाग आणि सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोत. पुढे जीएमआरटी चालवणाऱ्या एनसीआरए या संस्थेच्या ऋता काळे आणि सी. एच. ईश्वरचंद्र यांनी सुधारित जीएमआरटीसाठी ‘कॅप्चर’ नावाची अशीच साखळी तयार केली. त्या साखळीवरचा लेख २०२१ चा. वापरणाऱ्याने एका मजकुराच्या फाईलमध्ये आपल्या निरीक्षणाचा तपशील भरायचा आणि आज्ञा द्यायची. खराब नोंदी काढण्यापासून चित्रापर्यंतच्या पायऱ्या ती चढत जाते.

तुमच्या तीन हजार फोटोंचा प्रश्न आकाराने लहान, पण जातीने हाच. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ वर पोचला की पुन्हा १ पासून सुरू होतो, म्हणून मागच्या लग्नातल्या आणि या लग्नातल्या फाईलचं नाव एकच निघतं. कॉपी करताना कॉम्प्युटर विचारतो, ‘रिप्लेस करू का?’ रात्री एक वाजता त्यावर होय दाबलं जातं आणि कुणाची तरी वरात नाहीशी होते.

यावर उपाय म्हणजे फाईलचं नाव फोटोच्या पोटातल्या तारीख-वेळेवरून ठेवायचं. ‘एक्झिफटूल’ नावाचं मोफत साधन आहे. फिल हार्वे या एका माणसाने २००३ पासून ते सांभाळलंय. एका ओळीच्या आज्ञेत ते फोल्डरमधल्या साऱ्या फोटोंना वर्ष-महिना-दिवस-तास-मिनिट-सेकंद अशी नावं देतं. जेपेग असो वा रॉ, दोन्ही चालतात. एका सेकंदात चार फोटो निघाले असतील तर शेवटी क्रमांक जोडायला सांगता येतं. ते जरूर सांगा.

पण त्याआधी घड्याळं पाहा, कारण खरी मेख तिथे आहे. तुमच्या दोन कॅमेऱ्यांची घड्याळं सात मिनिटं मागेपुढे असली, तर वेळेनुसार लावलेल्या फोटोंत नवरीच्या गळ्यात हार आधी आणि अंतरपाट नंतर येईल. म्हणून कार्यालयात पोचल्यावर दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाईलच्या घड्याळाचा एकेक फोटो काढा. घरी येऊन फरक मोजा. तेवढी मिनिटं एका कॅमेऱ्याच्या सगळ्या फोटोंत मिळवायची किंवा वजा करायची आज्ञा एक्झिफटूलमध्येच आहे. हे आधी करा आणि नावं नंतर बदला. उलट क्रमाने केलंत तर नावं चुकीच्या वेळेवरच बसतील.

वेळ सरळ झाली की हळद, लग्न आणि वरात हे फोल्डरही वेळेवरून पाडता येतात. स्क्रिप्टला फक्त दोन-तीन वेळा द्यायच्या. तिथे पत्रिकेतला मुहूर्त मात्र लिहू नका. आपल्या भागात १२ वाजून ३५ मिनिटांच्या मुहूर्ताला अक्षता किती वाजता पडतात, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

पाहुण्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो या यंत्रणेत टाकू नका. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करतं आणि आतली मूळ वेळ काढून टाकतं. त्यांचा फोल्डर वेगळा ठेवा.

कॉपीसाठी वेगळं काही घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये ‘रोबोकॉपी’ आधीपासून आहे. मध्येच लाईट गेली आणि आज्ञा पुन्हा चालवली, तर पूर्ण झालेल्या फाईली सोडून ती राहिलेल्या घेते. तिचा एक पर्याय आहे ‘मिरर’. यूट्यूबवर तो सर्रास सुचवतात, मी तुम्हाला सुचवणार नाही. मिरर म्हणजे मूळ फोल्डरमध्ये जे नाही ते बॅकअपमधूनही पुसायचं. स्टुडिओतल्या मुलाने चुकून हळदीचा फोल्डर डिलीट केला, तर त्या रात्री मिरर बॅकअपमधलीही हळद साफ करेल. पोटफोल्डरांसह नुसतं कॉपी करण्याचा पर्याय पुरे. शिवाय रोबोकॉपीला ‘काय करशील ते फक्त दाखव’ असं सांगता येतं, पॉवरशेल या विंडोजमधल्या आज्ञा टाइप करायच्या पडद्यावरच्या कितीतरी आज्ञांनाही ‘व्हॉट-इफ’ जोडून तसंच विचारता येतं. प्रत्येक नवी स्क्रिप्ट आधी अशी कोरडी चालवा, तीही मूळ फोटोंवर नाही, पन्नासेक फोटोंच्या प्रतीवर. काळ्या पडद्यावरून पुसलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही.

कॉपी झाली म्हणजे फाईल शाबूत पोचलीच असं नाही. पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाईलहॅश’ ही आज्ञा फाईलच्या मजकुरावरून एक लांबलचक आकडा काढते. दोन्हीकडचा आकडा एकच आला तर फाईल हुबेहूब तीच. तीन हजार फाईलींना थोडा वेळ लागतो. तोवर जेवून घ्या.

मराठीत फोल्डरचं नाव ठेवता येतं, खुशाल ठेवा. फक्त नावात मोकळी जागा असेल तर आज्ञेत ते अवतरणचिन्हांत घालावं लागतं, नाहीतर ‘शिंदे लग्न’ ही दोन वेगळी नावं समजली जातात. स्क्रिप्टमध्येच मराठी अक्षरं असतील, तर नोटपॅडमध्ये ती साठवताना ‘युटीएफ-८ विथ बॉम’ निवडा. विंडोजबरोबर येणारं पॉवरशेल ५.१ साधी युटीएफ-८ फाईल जुन्या पद्धतीने वाचतं आणि मराठीचा चुराडा करतं. अनेकांचा पहिला प्रयत्न इथेच अडतो आणि ते आज्ञेत चूक शोधत बसतात.

हल्ली एआयला मराठीत सांगितलं तरी स्क्रिप्ट लिहून मिळते. घ्या, पण चालवण्याआधी प्रत्येक ओळ काय करते ते त्यालाच विचारा आणि पुसण्याची, हलवण्याची ओळ दिसली की थांबा. फोटो निवडण्याचं काम मात्र कुणालाच देऊ नका. डोळे मिटलेले मामा यंत्र बाजूला काढेल, पण कन्यादानाच्या वेळी वडिलांचेही डोळे मिटलेलेच असतात.

रात्रीची कॉपी आपोआप व्हावी असं वाटत असेल तर विंडोजचा टास्क शेड्युलर आहे. दुकान नऊला बंद करून तुम्ही कॉम्प्युटरही बंद करत असाल, तर अकराची वेळ देऊन उपयोग नाही. त्याच्या सेटिंगमध्ये ‘वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव’ अशा अर्थाची एक चौकट असते, तिच्यावर टिक करा. म्हणजे सकाळी दुकान उघडून कॉम्प्युटर लावला की कॉपी सुरू होईल. दोन्ही डिस्कवरचे आकडे जुळल्याचं स्वतः पाहिल्यावरच कार्ड फॉरमॅट करा, आणि ते काम कॅमेऱ्यात, हाताने.