क्लास लावण्याआधी

चि. सोनू,


बी.एस्सी. कॉम्प्युटरला प्रवेश घेतलास, आता निलंग्यात क्लास कुठला लावायचा याची शोधाशोध चालू आहे, असं ताई फोनवर म्हणाली. माझं ऐकशील तर दिवाळीपर्यंत कुठलाच लावू नकोस. घरातला जुना लॅपटॉप तेवढ्याला पुरेसा आहे.

बारावीपर्यंत तू लातूर पॅटर्नमध्ये वाढलीस. त्यातलं सोडवणं, तपासणं, चुकलेलं पुन्हा सोडवणं हे इथंही फार कामाला येईल. नोट्स पाठ करणं मात्र सोडून दे. पाठ केलेला प्रोग्राम पेपरात उतरतो, पण गणितात एक अट वाढली की हात तिथंच थांबतो.

सुरुवात लिनक्सपासून कर. ते काही परकं नाही, तुझ्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तेच आहे. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या मुलानं घरच्या कॉम्प्युटरवर ते लिहायला घेतलं आणि पुढं सगळ्यांना खुलं करून दिलं. म्हणून आज उबुंटू किंवा मिंट नावाचं लिनक्स फुकट मिळतं आणि मैत्रिणीला कॉपी करून दिलं तरी चोरी होत नाही. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघ. मन बसलं तर इन्स्टॉल कर, पण त्याआधी घरातले फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढून ठेव. यात हयगय नको.

मग टर्मिनल उघड. पीडब्ल्यूडी म्हणजे आपण कुठल्या फोल्डरमध्ये आहोत, एलएस म्हणजे इथं काय काय आहे, सीडी म्हणजे दुसरीकडे जाणं. आठवडाभर माउस न धरता एवढंच कर. आरएम जपून वापर. त्यानं उडवलेली फाईल कचरापेटीत सापडत नाही. इंग्रजी अडलं तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघ. लिनक्स, सी, पायथन यांचे धडे त्यांनी मराठीतही केले आहेत. एका बाजूला धडा लावायचा आणि दुसऱ्या बाजूला स्वतः टाइप करायचं. नुसतं बघून काही येत नाही.

पहिला प्रोग्राम पुस्तकातला नको. दाजींची सोयाबीनची आडत पट्टी घे. वजन आणि भाव विचारायचा, गुणाकार करायचा, रक्कम दाखवायची, एवढाच पायथन प्रोग्राम लिही. पहिल्याच फटक्यात टाइपएरर येईल. घाबरून खिडकी बंद करू नकोस, सगळ्यात खालची ओळ आधी वाच. इनपुटनं घेतलेलं ४५०० हे पायथनच्या लेखी आकडा नसून नुसती अक्षरं असतात. ती फ्लोटमध्ये घातलीस की गुणाकार होतो. हे तुझं तुला सापडलं, तर जन्मात विसरणार नाहीस.

पण खरी परीक्षा पुढंच आहे. समज, माल भरला १२ क्विंटल ४ किलो. तू १२.४ लिहिलंस, तर ४५०० च्या भावानं ५५,८०० येतील. खरं वजन १२.०४, म्हणजे रक्कम ५४,१८०. तब्बल १,६२० रुपयांचा फरक, आणि कॉम्प्युटर चकार शब्द काढणार नाही! म्हणून प्रत्येक उत्तर एकदा वहीत हातानं करून बघायचं. क्विंटल आणि किलो वेगवेगळे विचारले तर ही चूक होणारच नाही. ते कसं करायचं ते तू शोध. माझ्या मते प्रोग्रामिंग शिकण्यातला मोठा भाग हाच आहे. भाषा कुठली, पायथन की सी, हा प्रश्न बराच नंतरचा.

त्यानंतर हमाली आणि तोलाई वजा करायला शिकव. हंगामातल्या सगळ्या पट्ट्या एका फाईलमधून वाचून एकूण बेरीज आली आणि ती दाजींच्या वहीशी जुळली, की प्रोग्राम मला पाठव. नाही जुळली तरी पाठव, सोबत एररची खालची ओळ आणि तुला काय वाटतं तेही लिही.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा