मायक्रोस्कोप नंतर घ्या, आधी सॅम्पल बनवायला शिका

भोसरी, पिंपरी, चाकणच्या पट्ट्यात हीट ट्रीटमेंट आणि फोर्जिंगची जी छोटी-मोठी युनिट्स आहेत, त्यांना एक प्रश्न कायम पडतो: भट्टीतून निघालेला माल आतून बरोबर झालाय का? हे सांगणारी छोटी लॅब काढायची म्हणून बरेच जण मला विचारतात, "सर, मायक्रोस्कोप कुठला घेऊ?" अहो, मायक्रोस्कोप विकत मिळतो. त्याच्याखाली ठेवायचा जॉब मात्र स्वतःच्या हातानं बनवावा लागतो, आणि तो चुकला की रिपोर्टच खोटा निघतो.

माझ्या ओळखीच्या एका मुलानं अशीच लॅब सुरू केली. सुरुवातीलाच त्यानं केस हार्डनिंग केलेल्या पिनांची बॅच 'कडकपणा कमी' म्हणून फेल केली. हीट ट्रीटमेंटवाला भांडायलाच आला, कारण त्याचं अख्खं बिल अडकणार होतं. मग त्याच पिनेतून दुसरा तुकडा कापला, यावेळी कूलंट पूर्ण सोडून, सावकाश. कडकपणा बरोबर आला. पिनेत दोष नव्हताच! पहिल्यांदा व्हील जोरात दाबल्यामुळे कापलेली जागा तापली आणि कडक मार्टेन्साइट तिथल्या तिथे टेम्पर झालं. कापलेला भाग निळसर किंवा तपकिरी दिसला, तर तो तुकडा पुढे नेऊच नका.

कापल्यावर तुकडा बेकलाइट पावडरमध्ये घालून प्रेसमध्ये साधारण १५० अंशांवर माउंट करतात. त्यामुळे तो हातात नीट धरता येतो आणि कडा गोल होत नाहीत. केस डेप्थ कडेपासूनच मोजायची असते, तेव्हा कड गेली की काम गेलं. उष्णतेनं बदलेल असा जॉब असेल तर थंड इपॉक्सी वापरा.

मग एमरी पेपर: २४०, ३२०, ४००, ६००. प्रत्येक पेपरवर जॉब ९० अंशांत फिरवायचा आणि आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत घासायचं. इथे घाई केली की खोल ओरखडा शेवटपर्यंत राहतो. दर पेपरनंतर जॉब धुवा, हातही धुवा. जाड पेपरचा एक कण पुढच्या कापडावर गेला तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर फिरत्या कापडावर अ‍ॅल्युमिना किंवा डायमंड पेस्टनं आरशासारखं पॉलिश. कास्ट आयर्नला मात्र फार वेळ घासू नका, ग्राफाइट निघून येतं आणि त्या जागी खड्डे दिसतात. त्याचं ग्राफाइट आधी एचिंग न करताच बघायचं असतं.

साध्या स्टीलसाठी एचंट म्हणजे २ टक्के नायटल: ९८ मिली इथेनॉलमध्ये २ मिली नायट्रिक आम्ल. आम्ल अल्कोहोलमध्ये थेंब थेंब घालायचं, उलटं कधीच नाही. हातमोजे, चष्मा आणि फ्यूम हूड हवेतच. लागेल तेवढंच बनवा. जास्त तीव्र करायचा मोह टाळा, घट्ट बुचाच्या बाटलीत साठवूही नका. स्फोट होऊ शकतो. जॉब काही सेकंद बुडवा, चकाकी किंचित मंदावली की लगेच पाण्यानं, मग अल्कोहोलनं धुवून वाळवा. फेराइट पांढरं आणि परलाइट काळसर दिसेल. शेफिल्डच्या हेन्री सॉर्बीनं १८६० च्या दशकात पॉलिश केलेल्या स्टीलवर आम्ल लावूनच आतली रचना पाहिली होती. पद्धत मूळची तीच आहे.

आता धंद्याचं बोलू. एनएबीएल मान्यतेचा खर्च पहिल्या दिवशीच अंगावर घेऊ नका. गिऱ्हाइकाला ती लागते का, हे आधी विचारा. बऱ्याच युनिट्सना आधी स्वतःच्या भट्टीपुरतंच तपासून हवं असतं. त्यांच्याकडून एकच जॉब घ्या, दोनदा कापून दाखवा. आणि प्रत्येक माउंटच्या मागे नंबर कोरून तो सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. त्या पिनांचं भांडण मिटलं, कारण पहिला तुकडा फेकलेला नव्हता. दोन्ही शेजारी ठेवून बघता आले.