घर घेण्यापूर्वी : वाळवीची पाहणी

आयुष्यभराची पुंजी ओतून पहिले घर घेणारा मनुष्य भिंतींचा रंग पाहतो, जोत्याकडे क्वचितच पाहतो. वाळवी मात्र बहुधा जोत्यापासूनच वर चढते. उजेड व कोरडी हवा तिला सोसत नाही. म्हणून ती मातीच्या बारीक नळ्या बांधून त्यांतून लाकडापर्यंत पोहोचते आणि चौकट आतून पोखरताना वरचा पातळ पापुद्रा शाबूत ठेवते. यासाठी विसार देण्यापूर्वी चौकटीचे पाय ठोकून पाहावेत. आवाज पोकळ आला किंवा टोचा सहज आत शिरला, तर ताजा रंग कशासाठी दिला असेल याचा तर्क करता येतो. एखादी नळी मोडून ठेवावी. काही दिवसांत ती पुन्हा बांधली गेल्यास वाळवीची वस्ती जिवंत आहे असे समजावे.

नळ्या नुसत्या खरवडून उपयोग नसतो, कारण राणी जमिनीखालच्या वारुळात अंडी घालीतच असते. उभ्या इमारतीवरील उपचार भारतीय मानक 6313 च्या तिसऱ्या भागात दिले आहेत. पायालगतच्या मातीत, तसेच फरशी व भिंत यांच्या सांध्यालगत छिद्रे पाडून औषध मुरवावे लागते. पूर्वी यासाठी सर्रास वापरले जाणारे आल्ड्रिन भारतात आता निषिद्ध आहे, हे कंत्राटदाराशी बोलताना ध्यानात ठेवावे. या उपचाराचा खर्च घराच्या किमतीतून वजा करून मागण्यास संकोचू नये.