बायपोलर आजार : आयुष्य किती घटतं, पैसा कुठे जातो



मागच्या वर्षी एका गटाची वही तपासताना एका ताईच्या नावापुढे मी स्वतः लाल पेनाने ‘थकबाकीदार’ लिहिलं. गटातल्या बायका म्हणाल्या, “मॅडम, कर्ज घेतलं तेव्हा रात्र-रात्र जागून गिरणी टाकते, शिलाईचं दुकान टाकते म्हणत होती. आठ दिवसांत सगळा पैसा उडवला. आता मीटिंगला बोलावलं तर दारात पण येत नाही.” मलाही ती नाटकंच वाटली. पुढे घरी गेल्यावर कळलं की तिला बायपोलर आजार आहे. ताईला विचारूनच हे लिहितेय, नाव-गाव मात्र देत नाही.

या आजारात मनाची तेजी आणि मंदी असते. तेजीत झोप लागत नाही तरी थकवा नसतो, बोलणं थांबत नाही, मोठमोठे बेत आणि उधळपट्टी चालते, कुणी अडवलं तर चिडचिड होते. मंदीत चूल पेटवायचीही ताकद राहत नाही, मरणाचे विचार येतात. एकेक पाळी कित्येक दिवस, कधी महिने टिकते. मधल्या काळात माणूस अगदी आपल्यासारखाच असतो, म्हणून लोकांना सोंग वाटतं.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की या आजाराची माणसं सरासरी १० वर्षांहून जास्त लवकर जातात. ऐकल्यावर वाटतं, सगळे आत्महत्येनेच जात असतील. तो धोका मोठा आहेच, पण पुष्कळ जण हृदयविकार, श्वासाचे आजार अशा साध्या वाटणाऱ्या दुखण्यांनी जातात. मंदीत चालणं-फिरणं बंद, मिश्री-तंबाखू जास्त. काही गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाई छातीत दुखतंय म्हणाली तरी घरचे म्हणतात, “तिचं डोक्याचंच आहे.” म्हणून अशा ताईचं बीपी, साखर, वजन उपकेंद्रात वेळच्या वेळी तपासून घ्यायचं. गोळी चालू म्हणजे बाकी शरीराची काळजी मिटली असं नाही.

आता खर्च. आपण तिच्या घरी बसून गटाच्या वहीसारखाच हिशेब मांडला. गोळ्यांचा आकडा सगळ्यात लहान निघाला! एसटीचं दोघांचं भाडं, नवऱ्याची बुडालेली मजुरी, सुरुवातीला देवऋषीकडे गेलेले पैसे, बोकड, शेवटी तेजीत घेतलेलं आणि उडवलेलं कर्ज, मोठा पैसा यात गेला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही दिसलं की मानसिक आजाराच्या उपचारावर आणि त्यासाठीच्या प्रवासावर कुटुंबाचे महिन्याला १००० ते १५०० रुपये जातात. त्याच सर्वेक्षणात बायपोलरचे १०० पैकी सुमारे ७० रुग्ण उपचाराविना होते. खर्च वाचवायला बरं वाटताच गोळी बंद करतात, मग पाळी उलटते, दवाखान्यात भरती करावं लागतं आणि वाचवलेल्याच्या कितीतरी पट जातं. या ताईचं दोनदा तसंच झालं.

गोळ्यांत लिथियम ही जुनी आणि चांगली गोळी आहे, आत्महत्येचा धोकाही तिने कमी होतो. पण तिचं रक्तातलं प्रमाण अधूनमधून तपासावं लागतं, थायरॉइड आणि किडनीही. हे आपल्या बायकांनी नीट ऐका. लिथियम चालू असताना हरतालिकेचा निर्जळी उपवास करायचा नाही. मे महिन्यात उन्हात खुरपताना पाणी कमी पडू द्यायचं नाही, मीठ एकदम बंद करायचं नाही. अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक मनाने घ्यायची नाही. अंगातलं पाणी कमी झालं किंवा या गोळ्या पोटात गेल्या तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, चालताना झोक जाणं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. गर्भ राहिला असेल किंवा ठेवायचा असेल तर डॉक्टरला आधीच सांगा. व्हॅल्प्रोएट नावाची गोळी पोटातल्या बाळाला घातक ठरते. पण घाबरून स्वतः कुठलीच गोळी बंद करू नका.

सरकारी सोय आहे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. ते तालुक्याला कोणत्या वारी येतं हे आशाताईला विचारा. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मरणाचे विचार कुणी बोलून दाखवले तर आधी तिथे फोन लावा आणि तिला एकटी सोडू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांनाही शरीराच्या आजारासारखाच मानसिक आजाराचा विमा द्यावा लागतो.

त्या गटाने पुढे काय केलं ते सांगते. ठराव घेऊन तिचा हप्ता लहान केला, मुदत वाढवली. तिनेच सुचवलं की यापुढे मला मोठं कर्ज हवं असेल तर माझ्या बहिणीला विचारल्याशिवाय आणि दोन मीटिंगा गेल्याशिवाय देऊ नका. आता रक्त तपासणीच्या दिवशी गटातली एक जण सोबत जाते, नवऱ्याची मजुरी बुडत नाही. लाल पेनाचा शेरा मी खोडला, पण खालचं अक्षर अजून दिसतं.