इसब झालेल्या बाळास पालेभाजी द्यावी काय?



मागल्या पावसाळ्यांत एका खेड्यांतील घरीं गेलों असतां आजीच्या मांडीवर नऊ महिन्यांचें बाळ पाहिलें. गाल लाल व खरखरीत, कोपरांच्या खांचा चिघळलेल्या. परंतु ओठ व तळहात पांढरे फटक. इसब वाढूं नये म्हणून अंडें, डाळ व पालेभाजी वर्ज्य करून त्यास केवळ आईचें दूध व भाताची पेज देत असत. आजीचा हेतु प्रेमाचाच होता. पण इसबाला भिऊन त्या घरानें पांडुरोगास दार उघडलें होतें.

पहिली गोष्ट ही कीं, इसब हा मूळचा त्वचेचा विकार होय. त्वचेचें आवरण दुबळें असल्यामुळें तिच्यांतील ओलावा निघून जातो, व ती कोरडी होऊन खाजते. कांहीं बाळांस अन्नाचें वावडें, म्हणजे ॲलर्जी, असतें खरें. परंतु तें बहुधा दूध, अंडें, भुईमूग, गहूं, मासे यांचें असतें. पालेभाजीचें क्वचितच.

दुसरी गोष्ट, बाळ पोटांतून लोहाचा जो सांठा घेऊन येतें, तो सुमारें ६ महिन्यांनीं सरत येतो, व आईच्या दुधांत लोह अल्प असतें. म्हणून ६ महिने पूर्ण होतांच स्तनपान चालू ठेवून वरचें अन्न सुरू करावें. पालेभाजींतील लोह एकटें फारसें अंगीं लागत नाहीं. यास्तव सोबत पिकलेल्या पेरूचा बिया काढलेला गर द्यावा.

रीत अशी: पालक, चाकवत, राजगिरा किंवा शेवग्याचा कोवळा पाला दोनतीन पाण्यांनीं धुवावा, मऊ शिजवून घोटावा, व मुगाच्या वरणांत प्रथम एक चमचा मिसळावा. मीठ-तिखट घालूं नये. एका वेळीं एकच नवी भाजी. तीन दिवस पाहून मग दुसरी. शिळी भाजी देऊं नये.

तिसरी गोष्ट, भाजी लागून तोंडाभोवतालची कातडी लाल झाली, तर तें नेहमींच वावडें नव्हे. भरविण्यापूर्वीं गालांस व्हॅसलीन लावावें. परंतु खाल्ल्यावर दोन तासांच्या आंत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा वांति झाली, तर तो पदार्थ बंद करून डॉक्टरांस दाखवावें. श्वास लागल्यास क्षणभरही न थांबतां दवाखान्यांत न्यावें.

अन्न तोडल्यानें वावडें टळतें, हा समजही खरा नाहीं. तीव्र इसब किंवा अंड्याचें वावडें असलेल्या ६४० बाळांवर लंडन येथें झालेला प्रयोग सन २०१५ मध्यें प्रसिद्ध झाला. ज्यांस भुईमूग लौकर व नियमित दिला, त्यांस त्याचें वावडें, न दिलेल्यांहून पुष्कळच कमी झालें. अशा बाळांस भुईमूग मात्र डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून देऊं नये, व अख्खे दाणे तर मुळींच नव्हे.

त्या बाळास डॉक्टरांनीं रक्त तपासून लोहाचें औषध व त्वचेस मलम दिलें. आजीनें आपल्या हातानें पालक घोटून भरविला. इसब अजून मधून मधून उठतो; पण ओठांवर लाली आली आहे, आणि बाळ घरभर रांगतें. पथ्य करावें, परंतु कशाचें व किती, हें विचारून करावें.